कड्याचा सातबारा

“दगड दळायलाव व्हय?”

बालाघाटाच्या एका घळीत मी दोराला लटकून ड्रिल चालवत होतो, तेव्हा खालून हा प्रश्न आला. वरून उतरत उतरत पाच बोल्ट मारून झाले होते. हा सहावा, सगळ्यात खालचा, जमिनीपासून नऊ-दहा फुटांवरचा. 10 मिलिमीटरचा बिट काळ्या पाषाणात अर्धा गेला होता. ड्रिल थांबवून खाली पाहिलं. साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या, एका हातात झाकलेलं ताट, दुसऱ्यात तांब्या. त्यांच्या पायाशी शेंदूर लावलेले सात खडे ओळीने मांडलेले. सकाळी आम्ही आमच्या सॅक त्या खड्यांना खेटूनच टेकवल्या होत्या. आता खड्यांवर, शेजारच्या हिरव्या बांगड्यांवर आणि कधीतरीच्या दहीभाताच्या वाळक्या द्रोणावर राखाडी भुकटीचा थर बसला होता.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. पदराच्या टोकाने एकेक खडा पुसला, निवद ठेवला, आणि पुसता पुसताच गिरणीवाल्याला विचारावं तसं विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. “आसरा हायत त्या,” त्या म्हणाल्या. “पाण्याच्या.” म्हणजे पाणवठ्यावरच्या सात देवी.

डिसेंबर चालला होता, पाणी कुठलं? मग दिसलं. कड्याच्या पायथ्याला हातभर खोल कपार होती, तिच्या तळाशी वाटीभर डबकं, आणि छतातून थेंब थेंब ठिबकत होता. आम्ही तीन तास तिथे बसून भाकरी खाल्ली होती, दोर उलगडले होते, गप्पा मारल्या होत्या. आमच्यातल्या एकालाही ते पाणी दिसलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी ते भोक पुरं केलं. अर्धवट काम ठेवायला हात धजेना. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते शहाण्यासुरत्या माणसाच्या तोंडून आलंय असा कुणाचा समज व्हायला नको.

माझं म्हणणं असं. मराठवाड्यात कुठल्या कड्यावर बोल्ट मारायचा आणि कुठल्या नाही, हा प्रश्न चढणाऱ्यांनी आपापसात सोडवायचा नाही. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही म्हणजे कडा मोकळा, हेही खरं नाही. आणि सरपंचांनी ‘करा की’ म्हटलं म्हणजे गावाने परवानगी दिली, हे तर अजिबातच खरं नाही. आम्हाला सरपंचांनी चहा पाजला होता, ‘गावाचं नाव होईल’ म्हणाले होते. ते स्वतः त्या कपारीकडे लहानपणानंतर कधी गेलेच नव्हते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये भिंतीत ठराविक अंतरावर आधीच पक्के बोल्ट ठोकलेले असतात. चढणारा वर जाता जाता त्यांत आपला दोर अडकवत जातो, खाली त्याचा जोडीदार दोर सांभाळतो. पडलं तरी शेवटच्या बोल्टच्या थोडं खाली जाऊन दोर धरतो. त्यामुळे माणूस अवघड हालचालींवर लक्ष देऊ शकतो, आणि मजा तीच आहे. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. शहरातल्या प्लायवुडच्या भिंतींवर शिकलेली पोरंपोरी आता खरा दगड शोधत हिंडतात. ही गोष्ट मला आवडते. मराठवाड्यात पोरांना भरतीच्या तयारीपलीकडे पळायला-चढायला निमित्तच कुठे आहे? म्हणून ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही.

पण आपल्याकडे कडा म्हणजे काय, ते आधी नीट पाहायला हवं. विहीर खोदणारे आपला दगड आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. वर कठीण काळा पाषाण, खाली मांजऱ्या दगडाचा किंवा तांबड्या मातीचा मऊ थर, त्याखाली पुन्हा पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक बसले त्याचा हा परिणाम. पावसाचं पाणी वरच्या पाषाणाच्या भेगांतून खाली झिरपतं, मऊ थराशी येऊन अडतं आणि कड्याच्या पायथ्याला बाहेर पडतं. तोच मऊ थर झिजून कपार होते. कपार झाली की सावली, सावली आणि पाणी दोन्ही असलं की गुराखी, साधू, वाटसरू, आणि त्यांच्या मागोमाग देव. ज्या मुलखात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बारमाही ठिबकणाऱ्या कपारीला लोकांनी शेंदूर लावला नसता तरच नवल. चढायला बरा तो कडा, पाझरतो तोही तोच आणि ज्याला नारळ फुटतो तोही तोच. हा योगायोग नाही, भूगर्भाने आखलेली गोष्ट आहे.

बीड जिल्ह्यातलंच बघा. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, खाली रामेश्वर बसलेला आहे. कपिलधारला धबधबा आहे, तिथे मन्मथ स्वामींची समाधी आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी बघायला जा, तर दरीत उतरावं लागतं. आपल्या भागातला नकाशा घ्या, उभे कडे शोधा आणि मग त्यांच्या पायथ्याला देव किंवा समाधी नाही असे किती उरतात ते मोजा. मी मोजायला बसलो होतो, लवकरच थांबलो.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात, एल पासो शहराच्या पूर्वेला वाळवंटात ह्वेको टँक्स नावाच्या टेकड्या आहेत. ‘ह्वेको’ म्हणजे स्पॅनिशमध्ये खळगा. त्या खडकांना खळगे आहेत, खळग्यांत पावसाचं पाणी साठून राहतं, म्हणून हजारो वर्षं माणसं तिथे येत राहिली आणि त्यांनी खडकावर चित्रं काढली. त्यांत नुसते रंगवलेले मुखवटेच दोनशेहून अधिक आहेत. मग विसाव्या शतकात चढणारे आले, आणि तेही त्या खळग्यांसाठीच, कारण हाताला पकड द्यायला खळग्यासारखं दुसरं काही नाही. पाणी, चित्र आणि पकड तिन्ही एकाच भोकात! शेवटी 1998 च्या आराखड्याने तिथे माणसं मोजून सोडायला सुरुवात झाली. उत्तरेकडच्या टेकडीवर एका वेळी सत्तरच माणसं आपापली फिरू शकतात, बाकीच्या भागात वाटाड्याशिवाय जाता येत नाही. चढाई मात्र आजही चालते. जगभरातून लोक जातात, आरक्षण करतात, जाण्यापूर्वी चित्रांबद्दलची माहिती मुकाट्याने ऐकून घेतात.

आपल्याकडे मात्र असा मधला रस्ताच नाही, एकतर कायद्याची भिंत नाहीतर रान मोकळं. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वेरूळ, अजिंठा, पितळखोरं, शहरामागची औरंगाबाद लेणी इथे प्रश्नच उद्भवत नाही. तिथे कुणी ड्रिल घेऊन गेला तर त्याची कीव करायची, चर्चा नाही.

देवगिरी मात्र मला नेहमी विचारात पाडतो. त्या डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासलेला आहे, यादवांच्या काळात, कुणाला चढता येऊ नये म्हणूनच. खंदकाच्या काठी उभं राहून वर पाहिलं की चढणाऱ्याचे तळहात आपोआप घामेजतात. पण ती भिंत निसर्गाची नाही, ती छिन्नीची आहे. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं, तशीच ही घडवलेली. म्हणजे ‘हा नुसता दगड आहे, हे स्मारक आहे’ अशी जी रेघ आपण डोक्यात मारतो, ती आपल्या भूमीत फार वेळ टिकत नाही. त्याच किल्ल्यावर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी राहिले. तिथे लढाई, कारागिरी आणि भक्ती एकाच पाषाणावर आहेत.

आणि यादीत जे नाही त्याचं काय? अजिंठ्याच्या रांगेत, बालाघाटात, कितीतरी कोरीव टाकी आहेत, खोल्या आहेत, वीरगळ आहेत, बांधावर आडव्या पडलेल्या सतीशिळा आहेत. त्यांना पाटी नाही, कुंपण नाही, चौकीदार नाही. त्यांना जपणारं कुणी असेल तर ती मंगळवारी, शुक्रवारी, अमावास्येला ताट घेऊन येणारी माणसं. कायदा जिथे संपतो तिथून चढणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. 2021 मध्ये अमेरिकेत युटामधल्या वाळवंटात एका चढणाऱ्याने प्राचीन कोरीव चित्रांच्या अंगावरच बोल्ट मारले. त्याला त्या अलीकडच्या टवाळखोरांच्या रेघोट्या वाटल्या होत्या. नंतर त्याने जाहीर माफी मागितली. मला त्याच्यावर हसू येत नाही. मला त्या दिवशी सात खडे सॅक टेकवायला सोयीचे वाटले होते.

आता बोल्टचं बघू, कारण मुद्दा अडतो तो तिथेच. दोर झाडाला बांधून वरून सोडला आणि चढून झाल्यावर गुंडाळून नेला, तर मागे काही राहत नाही. बोल्टचं तसं नाही. भोक पाडायचं, फुंकून भुकटी काढायची, बोल्ट ठोकायचा, नट आवळला की तो आत फुगतो आणि दगडाला घट्ट धरतो. नंतर पश्चात्ताप झाला तर नट सोडवून वरचा हँगर, म्हणजे दोर अडकवायची धातूची पट्टी, काढता येतो, आतला दांडा सहसा निघत नाही. तो कापायचा नाहीतर आत ठोकायचा, आणि त्याच दगडाची भुकटी इपॉक्सीत कालवून भोक लिंपायचं. जवळून पाहणाऱ्याला ते तरीही दिसतं. गंमत बघा, अमेरिकेतल्या चढाईत प्रसरण बोल्ट पहिल्यांदा वापरले गेले ते 1939 साली, शिपरॉक नावाच्या सुळक्यावर. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एकटा उभा असलेला हा सुळका नवाहो लोकांना पवित्र आहे, ते त्याला ‘पंख असलेला खडक’ म्हणतात. 1970 पासून नवाहोंनी त्यावर चढणं बंद केलं आहे. म्हणजे बोल्टचं आणि दुसऱ्याच्या देवाचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

चढणाऱ्यांच्या गोटात या मुद्द्यावर एक ठरलेलं उत्तर असतं, मीही ते अनेकदा दिलं आहे. “पलीकडचा अख्खा डोंगर खडी क्रशरने खाल्ला, तेव्हा कुणाची श्रद्धा दुखावली नाही. आमच्या करंगळीएवढ्या भोकाने दुखावते?” वाद घालायला उत्तम वाक्य आहे, आणि त्यात तथ्यही आहे. सभामंडप बांधताना देवस्थान समित्या कातळात किती सळया ठोकतात, किल्ल्यांवरच्या दगडांवर ऑइलपेंटने किती मंडळांची नावं आहेत, हे मला दिसत नाही असं नाही. पण हा युक्तिवाद चालत नाही, आणि तो कुठे तपासला गेला तेही सांगतो. अमेरिकेत ताहो सरोवराच्या नेवाडाकडच्या काठावर केव्ह रॉक आहे, वाशो लोकांचं अतिशय पवित्र स्थान. त्यातून महामार्गाचे दोन बोगदे जातात. चढणाऱ्यांनी तिथे बोल्टचं रान केलं होतं, बसायला काँक्रीटची फरशीसुद्धा घातली होती. 2003 मध्ये वनखात्याने चढाई बंद केली. चढणाऱ्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली आणि 2007 मध्ये अपील न्यायालयात हरली. बोगदे पाडले म्हणून वाशोंची जागा अपवित्र झाली आणि म्हणून इतरांना मोकळी झाली, हे कुणी मान्य केलं नाही. क्रशरवाल्याने गावाला विचारलं नाही ही गोष्ट आपल्याला न विचारण्याची सवलत देत नाही. उलट, ज्या गावाचा एक डोंगर गेला आहे, त्याला उरलेल्याची धास्ती जास्त असणार.

तर विचारायचं. पण कुणाला?

सातबाऱ्यावर बघितलं तर कडा गायरानात असतो, नाहीतर वनखात्याचा, क्वचित कुणाच्या मालकीचा. जमीन ज्याची त्याची परवानगी हवीच, विशेषतः वनखात्याची. त्यावर शब्द खर्च करत नाही. पण सातबाऱ्याला ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. कुळं, बोजे, वहिवाटी त्यात लिहितात. आसरांना निवद दाखवणाऱ्या बाईंचा हक्क त्या रकान्यात कुणी लिहिलेला नाही आणि कुणी लिहिणारही नाही. तलाठी कार्यालयात तो सापडत नाही. तो सापडतो पाणवठ्यावर बसून राहिलं तर.

गाव म्हणजे एक तोंड नव्हे, हे आपल्याला राजकारणात कळतं आणि ट्रेकला गेलं की विसरायला होतं. पाटलाच्या ओसरीवर मिळालेली परवानगी वेशीबाहेरच्या मरीआईला लागू होत नाही. मंदिराच्या विश्वस्तांना विचारलं तर ते मंदिराचं सांगतील, धनगराच्या वाटेचं सांगणार नाहीत. आणि आसरांचं तर सगळं बायकांच्या हातात असतं. लेकरू झालं, ताप आला, विहिरीला पाणी लागलं की त्याच येतात. त्यांना चावडीवर बोलावून विचारलं तर त्या डोक्यावरचा पदर सारखा करत गप्प बसतील. त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही होकार असा लावला होता.

तो होकार नव्हता हे मला दुसऱ्या हंगामात कळलं. आम्ही तेव्हा दर रविवारी तिथे जायला लागलो होतो, शहरातून आणखी तीन-चार जण येत होते. एका रविवारी सॅक टेकवायला गेलो तर सात खडे जागेवर नव्हते. शोधलं. घळीच्या दुसऱ्या अंगाला, चाळीस-पन्नास पावलांवर, एका बोरीखाली ते मांडलेले होते. शेंदूर ताजा होता, बांगड्या नव्या होत्या. पण तिथे पाणी नव्हतं. पाण्याच्या आसरा पाण्यापासून उचलून कोरड्या जागी नेऊन ठेवल्या होत्या, आमची अडचण नको म्हणून. कुणी भांडलं नाही, तक्रार केली नाही, पोलिसांत गेलं नाही, एका ओळीचा निरोपसुद्धा आला नाही. शहरातून गाडी घेऊन येणाऱ्या, इंग्रजीत ओरडून दोर सोडणाऱ्या पोरांना कोण काय म्हणणार? त्यांनी देव हलवला.

त्या दिवशी आम्ही चढलो नाही. खरं सांगायचं तर दोघं चढले, मी चढलो नाही.

मी देव मानत नाही, आसराही मानत नाही. माझ्यासारख्याच विचारांचे मित्र मला विचारतात, मग तू अंधश्रद्धेची वकिली कशी करतोस? गायरान बळकवायला रातोरात शेंदूर फासलेला दगड उगवतो, हे तुला माहीत नाही का? माहीत आहे, आणि कोणता दगड खरा, कोणता परवाचा हे ओळखण्याची खात्रीची खूण माझ्याकडे नाही. पण ती लढाई गावाची, तहसीलची, तिथल्या कार्यकर्त्यांची. ड्रिल हातात धरून आलेल्या पाहुण्याने त्यात न्यायाधीश व्हायचं कारण नाही. त्याच्यापुढे कडे ढीगभर आहेत.

एक गाठ मात्र मला बराच काळ सुटत नव्हती. आमच्यातल्या दोन मुली चांगल्या चढतात, माझ्यापेक्षा तर नक्कीच. एका गडावर आम्हाला सांगण्यात आलं की वरच्या ठाण्यापर्यंत बायकांनी जायचं नाही, तुम्ही पुरुष खुशाल जा. इथे आदर म्हणून मान डोलवायची का? शेजारच्या नगर जिल्ह्यात शनिशिंगणापूरचा चौथरा 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बायकांना खुला झाला, तो असा मान डोलवून नव्हे. दोन तास खल करून आम्ही ठरवलं की मुलींना बंदी असलेल्या कड्यावर आम्ही कुणीच चढायचं नाही. गावाचा नियम मोडायचा नाही आणि त्याचा फायदाही घ्यायचा नाही. गावकऱ्यांना हे चमत्कारिक वाटलं. एका आजोबांनी तर विचारलं, “मंग आलाव कशाला?” त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण मी त्या निर्णयावर आजही ठाम आहे. स्थानिक भावना जपण्याच्या नावाखाली अर्ध्या माणसांना खाली उभं करून उरलेल्यांनी वर जाऊन फोटो काढणं, हे मला भोक पाडण्याइतकंच वाईट वाटतं.

नावांचंही असंच. चढणारे प्रत्येक वाटेला नाव देतात आणि ‘पहिली चढाई’ आपल्या नावावर लावतात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर, चित्रावरच, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 अशी तारीख घालून आपलं नाव कोरलं आहे. शिकारीला आला होता, लेणी ‘सापडली’. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. लेणी खालच्या गावांना ठाऊकच होती, त्यांनी नाव कोरलं नाही इतकंच. पितळखोऱ्यात सापडलेल्या यक्षाच्या हातावरही एक नाव आहे, कण्हदास सोनाराचं, पण ती मूर्ती त्याने स्वतः घडवली होती. आमच्या ‘पहिल्या’ चढाईच्या दिवशी, मी शेवटचा अवघड टप्पा ओलांडून धापा टाकत वर पोचलो, तर बाजूच्या नाळेतून एक पोरगं रबरी चपला घालून, एक करडू बगलेत मारून माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. ते रोज तिथून येतं. आमच्या वाटेला आम्ही दिलेलं नाव इथे लिहायची मला लाज वाटते. इंग्रजी होतं, आणि विनोदी होतं.

या लेखात त्या गावाचं नावही नाही. मोबाइलवर टाकलेला एक ठिकाणाचा ठिपका पन्नास गाड्या आणतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

बाकीच्या गोष्टी अनुभवाने कळतात आणि त्या फार अवघड नाहीत. आपल्याकडे चढायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शृंगी घुबडाची अंडी-पिल्लं त्याच दिवसांत कड्याच्या कंगोऱ्यांवर असतात, तेव्हा विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की ती भिंत सोडायची. आग्या मोहोळाच्या आसपास ड्रिल लावणाऱ्याला मी शिकवायला जात नाही, माश्या शिकवतील. फक्त त्यांनी शिकवणी खाली निवद दाखवणाऱ्यांची घेऊ नये. हाताला लावायची ती पांढरी चॉकपूड काळ्या पाषाणावर उठून दिसते, आणि कपारीच्या छताखाली पाऊस पोचत नाही, तिथे ती वर्षानुवर्षं राहते. कोकणात पाऊस आपली पापं धुतो, इथे ब्रश घेऊन स्वतः धुवावी लागतात.

आणि तिथी-वार पाळायचे. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा खडक आहे, अनेक मूलनिवासी जमातींना पूज्य. जून महिन्यात त्यांचे विधी असतात म्हणून 1995 पासून तिथे जूनमध्ये न चढण्याची विनंती केली जाते. कायदा नाही, दंड नाही, नुसती विनंती. बहुतेक जण ती पाळतात, काही जण मुद्दाम जूनमध्येच जातात. तशी माणसं सगळीकडे असतात. आपल्याला तर पंचांग घरात टांगलेलं असतं. यात्रेचा आठवडा, अमावास्या, मंगळवार, शुक्रवार सोडून आठवड्याचे किती दिवस उरतात ते बघावं. नोकरदार चढणाऱ्याला रविवारच मिळतो, म्हणजे तसाही फारसा त्याग नाही.

खरा त्याग बोल्टचा आहे. माझं मत असं झालं आहे की मराठवाड्यात ज्या कड्याच्या पायथ्याला पाणी आहे, तिथे बोल्ट मारूच नये. वर झाड असेल, मोठी शिळा असेल, तर दोर वरून सोडावा, चढावं, गुंडाळून घरी यावं. खेळातली थोडी धार जाते, जाऊ दे. जिथे पायथा कोरडा आहे, देव नाही, पक्षी नाही, आणि पाणवठ्यावर चार-सहा दिवस बसून ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं आहे, तिथे बोल्ट मारावेत, चांगल्या पोलादाचे मारावेत आणि गावच्या पोरापोरींना आधी त्यावर चढवावं. असे कडे आहेत. मी चार पाहिलेत.

आमचे सहा बोल्ट काढायला आम्ही तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत गेलो. आदल्या आठवड्यात त्या बाईंच्या घरी जाऊन आलो होतो. त्यांनी चहा दिला, आम्ही काय म्हणतोय ते शांतपणे ऐकलं आणि “काढा मंग” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या आणि आणखी दोघी येऊन बसल्या. मी वरून एकेक हँगर काढत, दांडा कापत, भोक लिंपत खाली आलो. या वेळी खाली ताडपत्री अंथरली होती. पाच झाले. सहाव्याशी आलो, पान्हा लावला, तेवढ्यात खालून आवाज आला.

“त्यो ऱ्हाऊ द्या.”

मी म्हटलं, मावशी, हाच तर सगळ्यात जवळचा, हाच आधी जायला पाहिजे. त्यांच्यात आपसात काहीतरी बोलणं झालं. मग दुसरी बाई म्हणाली, “घंटा बांधाया कामाला येतो.”

मी पान्हा परत लावला आणि उलट नट आणखी घट्ट केला. खडे आता कपारीत परत आलेत, डबक्याच्या काठी. 22 किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या वर भार पेलणाऱ्या त्या हँगरला अर्ध्या किलोची पितळी घंटा सुंभाने लोंबते आहे, आणि पोरं उड्या मारून ती वाजवतात.